तबकडीवर न मावलेले गाणे

आमच्या घरात सिनेमाची गाणी म्हणायला बंदी होती. आजोबा माळकरी. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजन असे आणि हरिपाठानंतर आजोबांच्या वाट्याला दोन-तीन अभंग येत. त्यांतला एक ठरलेला, 'आधी बीज एकले'. एका बीजातून कोटी झाडे होतात, तरी शेवटी उरते ते एकच, अशा अर्थाचा. आजोबा तो डोळे मिटून, जराशा संथ लयीत म्हणत. टाळकरीही तिथे हात आवरता घेत.

1987 साली मी आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्ती शिकत होतो. सुटीच्या दिवशी सांगलीला एका निवृत्त शिक्षकांकडे जाऊ लागलो. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही. त्यांच्या माडीवर हजारभर जुन्या तबकड्या आणि चावीचे तीन ग्रामोफोन होते. पैकी दोन बंद होते. स्प्रिंग बदलून, गव्हर्नर साफ करून ते मी चालते करायचे आणि त्याबदली मास्तरांनी मला हवी ती तबकडी ऐकवायची, असा आमचा करार. माझे सगळे शिक्षण त्या माडीवर झाले. पुढे पोटासाठी टीव्ही, टेपरेकॉर्डर उघडले; पण जुन्या बोलपटांच्या गाण्यांचा नाद सुटला नाही तो तिथून.

एका दुपारी मास्तरांनी विष्णुपंत पागनीसांची तबकडी लावली आणि त्यातून आजोबांचा अभंग आला. मी म्हणालो, "मास्तर, हा तुकोबांचा अभंग. आमच्या देवळात म्हणतात." मास्तर हसले. "गाथा आहे ना घरात? शोध जा."

शोधला. साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या गाथेत चार रात्री घालवल्या. नाही सापडला. सापडणार नव्हताच. तो लिहिला होता शांताराम आठवल्यांनी, 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठी, 1936 साली. असे शोधणारा मी पहिला नव्हतो, हे पुढे कळले. तुकोबांचा समजून तो गाथेत धुंडाळणारे जाणकारही फसले होते.

ही घरातली गोष्ट आधी सांगितली, कारण या लेखाचा प्रश्न तिथूनच निघतो. जुन्या चित्रपटसंगीतावर प्रेम करणारे आपण बहुतेक सगळे तबकडीवर प्रेम करतो. चित्रपट अनेकदा पाहिलेलाच नसतो. मग जे ऐकतो ते नेमके कशाचे गाणे असते?

पहिल्या बोलपटापासून सुरुवात करू. अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्यात सात गाणी होती. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही आणि गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. हाती आहेत ती छायाचित्रे, जाहिराती आणि शब्द. भारतीय पडद्यावरचे पहिले गाणे वजीर मोहंमद खान यांनी फकिराच्या भूमिकेत म्हटले, हे आपण पाठ करून ठेवले आहे. पण ते गाणे पडद्यावर कसे वाजले, हे चित्रफितीसोबत गेले. मूकपटांचे तर विचारूच नका. तेराशेच्या आसपास मूकपट या देशात निघाले; आज जे पाहता येतात ते त्यांतले मूठभर. नायट्रेटची फीत पेट घेते, नाही पेटली तर कुजते आणि कुजण्याआधीच कित्येकांनी तिच्यातली चांदी काढून घेतली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले ते 1964 मध्ये. तोवर फार उशीर झालेला होता. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने त्यानंतर जे वाचवले, त्यावर आपण अभ्यासक म्हणवून घेतो.

'अयोध्येचा राजा' (1932) सुदैवाने आहे. 'प्रभात' तेव्हा कोल्हापुरात होती. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे हेच संगीतकार. हा माणूस 'मानापमान'च्या चालींचा कर्ता, बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभारणारा, हार्मोनियमवरचा जादूगार. त्यामुळे चित्रपटातला राजा दुःखात असला तरी गातो तो नाटकातल्यासारखा, बैठक जमवून. याला नावे ठेवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. गाणारा नट कॅमेऱ्यासमोर, मायक्रोफोन चौकटीच्या बाहेर, साथीदार कुठे तरी सेटच्या आडोशाला आणि चित्र व आवाज एकाच वेळी टिपले जात असताना दुसरे काय करता येणार होते? मायक्रोफोनपासून चार पावले दूर गेले की आवाज पडतो. गाणाऱ्याने जागेवर उभे राहणे ही रंगभूमीची सवय होती, तशीच यंत्राची अटही होती. आधी गाणे ध्वनिमुद्रित करून मग त्यावर ओठ हलवायची रीत आपल्याकडे आली ती 1935 मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'भाग्यचक्र' आणि त्याच्या हिंदी 'धूपछाँव'पासून. आणि ती सगळीकडे रुळायला आणखी वेळ लागला.

तबकडीचे गाणे वेगळे व्हायचे ते इथे. चित्रीकरणात गायलेले गाणे फितीच्या कडेला प्रकाशाच्या रेषेत राही. तबकडीसाठी त्याच गायकाला पुन्हा गावे लागे. वेगळी जागा, वेगळा दिवस, कधी वेगळे साथीदार, समोर प्रेक्षक नाही की प्रसंग नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावतात. पडद्यावर गाणे मध्येच थांबून कोणी बोलले असेल, दार वाजले असेल, गाणारा उठून निघून गेला असेल. तबकडीवर यातले काहीच येत नाही. तिथे गाण्याला डोके आणि शेपूट दोन्ही लावून द्यावे लागते.

दुरुस्ती करणाऱ्याच्या अनुभवाची आणखी एक गोष्ट. त्या काळच्या सगळ्याच तबकड्या काटेकोर 78 फेऱ्यांनी भरलेल्या नसत. 78 ला भरलेली तबकडी तुमच्या यंत्रावर 82 ने फिरली, तर स्वर पाच टक्क्यांनी चढतो, म्हणजे जवळजवळ एक पट्टी वर. काळी एकचा गवय्या पांढरी दोनमध्ये गायला लागतो आणि आपण लेख लिहितो की अमुकचा आवाज किती टोकदार होता! मी स्वतः असा एक लेख लिहिलेला आहे. नाव सांगत नाही.

आता पुन्हा 'संत तुकाराम'. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे. भोळे मूळचे वैद्यकीचे विद्यार्थी. पुढे 'एकलव्य' या नावाने गाण्यावर फार नेमके लिहिणारे टीकाकार. 1933 साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'ला त्यांनी चाली दिल्या, त्या नाटकातले गाणे आटोपशीर करण्यासाठी. गाणे गायकासाठी नव्हे, प्रसंगासाठी असावे, हा त्यांचा आग्रह. हा आग्रह लेखात मांडणे सोपे. त्यांनी तो 'तुकाराम'च्या पहिल्याच काही मिनिटांत गाऊन दाखवला आहे.

चित्रपट उघडतो तेव्हा तुकोबा पांडुरंगाच्या ध्यानात अभंग म्हणत असतात. साधी चाल, एका माणसाचे स्वतःशी चाललेले गाणे. मग देवळात सालोमालो येतो आणि तेच शब्द स्वतःचे म्हणून ठसक्यात, मुरडी घेत, श्रोत्यांकडे पाहत गातो. शब्द तेच, पण एक माणूस खरा आणि दुसरा चोर, हे आपल्याला संवादाच्या आधी चालीतून कळते. पागनीसांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या. नाटकी गाणे त्यांना येत नव्हते असे थोडेच? ते त्यांनी इथे बाजूला ठेवले. सुटी तबकडी ऐकणाऱ्याच्या हाती तुकोबांचे गाणे येते, पण शेजारचा सालोमालो येत नाही. आणि तो नसेल तर पागनीसांच्या साधेपणाची किंमत कळत नाही. गाणे नुसते गोड वाटते. मलाही नऊ वर्षे तसेच वाटत होते. 1996 साली पुण्यात चित्रपट प्रथम सलग पाहिला तेव्हा माझ्या वहीतली चार पाने मी काट मारून रद्द केली.

आणखी एक गंमत. चित्रपटातला सालोमालो तुकोबांची रचना स्वतःच्या नावावर खपवतो. चित्रपटाबाहेर नेमके उलटे झाले. आठवल्यांची रचना लोकांनी तुकोबांच्या नावावर घातली, आणि आठवल्यांना त्याहून मोठी पावती कोणती मिळणार होती? डिसेंबर 1936 मध्ये लागलेला हा चित्रपट मुंबईत वर्षाहून जास्त चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पण हे एक गाणे त्यातून सुटून गावोगावच्या देवळांत गेले, हा गौरव कुठल्या यादीत नाही.

भोळ्यांचा आग्रह टोकाला गेला तो 1937 च्या 'कुंकू'मध्ये. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरचा, व्ही. शांतारामांचा चित्रपट. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे. या चित्रपटात वरून ओतलेले पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरचे घड्याळ, घरातले आवाज, रस्त्यावरचा भिकारी, मुलींचा खेळ. सूर येतो तो अशा कुठून तरी, आणि तो कुठून येतो हे आपल्याला दिसते. नीरा गाते ती घरातल्या ग्रामोफोनच्या साथीवर. एवढेच नव्हे, लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही तिच्या तोंडी आहे.

मी यंत्रे दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे त्या ग्रामोफोनकडे जरा जास्तच पाहतो. लग्नाने जिचे सगळे काढून घेतले त्या मुलीला साथ करायला घरात माणूस नाही. एक यंत्र आहे. ते ती स्वतः सुरू करते आणि मग गाते. पडद्यावर हे पाहताना पोटात कालवते. तबकडीवर तेच गाणे ऐकताना साथ ही नुसती साथ असते. माझ्या ग्रामोफोनमधून तिचा ग्रामोफोन ऐकू येत नाही.

याचा अर्थ तबकड्या फेकाव्यात असा कोणी काढू नये. माझे उरलेले आयुष्य त्याच पुसण्यात जाणार आहे. 'हमराज' यांनी कानपुरात बसून हिंदी चित्रपटगीतांचे कोश रचले, ते अशाच मिळेल त्या पुराव्यावर: तबकड्या, पुस्तिका, जाहिराती. थिएटरात मिळणारी गाण्यांची पुस्तिका तर मला तबकडीइतकीच मोलाची वाटते, कारण तिच्यात कथासार असते आणि गाणे कोणाच्या तोंडी आहे ते कळते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशा पुस्तिका पूर्वी रद्दीच्या भावात मिळत. एकीत कोणी तरी शिसपेनने शब्दांखाली सारेगम लिहिलेले होते, दीड गाण्यापुरते. खेळ पाहून घरी येऊन, पेटी पुढ्यात ओढून, आठवेल तितके. ज्याला तबकडी परवडत नव्हती त्याचे हे ध्वनिमुद्रण.

मास्तरांकडच्या तबकड्या आज नाहीत. ते गेल्यावर घरच्यांनी माडी रिकामी केली; मला कळायला महिना लागला. काही एका हॉटेलवाल्याने भिंतीवर लावायला नेल्या, असे ऐकले. त्यांनी मात्र जिवंतपणी कोणालाही ऐकवायला नकार दिला नाही. जे कुलूप लावून बसतात त्यांच्या तबकड्यांचे शेवटी होते तेच यांच्याही तबकड्यांचे झाले, पण मास्तरांच्या ऐकून झाल्या होत्या.

आता आजोबांकडे परत जातो, कारण ते राहिले आहे. चार रात्री गाथा चाळून झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगितले, "आजोबा, तो अभंग तुकोबांचा नाही. सिनेमाचा आहे. आपल्या घरात सिनेमाचं गाणं चालतं म्हणायचं."

आजोबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मला ठावं हाय. मी थेटरातच ऐकला. गाडीवाटेनं कोल्हापूर गाठलं हुतं आम्ही, सात जण."

मला वाटले होते ते चकित होतील. चकित मी झालो, आणि ते लपवायला आणखी काही तरी बोललो. सिनेमाचे गाणे देवळात चालते का, असे काही तरी. त्यांनी उत्तर दिले नाही. पुढच्या एकादशीला मी देवळात होतो. त्यांनी तो अभंग घेतला नाही. इतरांकडून कळे की मी नसलो की म्हणत असत.

1991 मध्ये ते गेले. त्या सात जणांतले आज कोणी नाही. कोणते थिएटर होते, तिकीट किती होते, पागनीस पडद्यावर आल्यावर लोकांनी हात जोडले का, ते गाणे एकदा ऐकून पाठ कसे झाले, की पुस्तिका घेतली होती, की पुन्हा गेले, देवळात ते पहिल्यांदा कोणी म्हटले आणि तेव्हा कोणी हरकत घेतली का. तबकडीत किंवा फितीत यातले काही नाही. साक्षीदार माझ्यासमोर सुपारी कातरत बसला होता आणि मी त्याची चूक दाखवत होतो.

आता कोणी म्हातारे माणूस जुने गाणे चुकीच्या नावाने सांगितले, की मी चूक दुरुस्त करत नाही. वही काढतो आणि विचारतो, कुठे ऐकलंत? सोबत कोण होतं?