नदी, नाव आणि मीर बहरचा नियम

औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) पुण्याला जाताना कायगाव टोक्याचा पूल लागतो. गाडी पुलावर आली की आमची दादी बोलणं थांबवायची, पदर डोक्यावर सारखा करायची आणि पुटपुटायची, ‘या ख्वाजा खिज्र’. पाण्यावर वाट दाखवणारा बुजुर्ग म्हणजे खिज्र, हे आम्हा पोरांना कुराणाच्या तर्जुम्याआधी दादीच्या या सवयीने कळलं.

दादीचं माहेर नेवासा तालुक्यात आणि सासर गंगापूर तालुक्यात. मधे गोदावरी. लग्नानंतर ती पहिल्यांदा सासरी आली ती नावेतून. ती सांगायची, नावाड्याने माणसं मोजली आणि शेवटच्या दोघांना काठावर उतरवलं. ते दोघे तिचे सख्खे काका होते. खूप बोलाचाली झाली, पण नावाडी बधला नाही. ‘दुसऱ्या खेपेला या’ एवढंच म्हणाला. दादीला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण वयाच्या शेवटापर्यंत ती त्याला दुवा द्यायची.

त्या काळी ही नदी दोन राज्यांची हद्द होती. टोक्याचा काठ इंग्रजांच्या अहमदनगर जिल्ह्यात आणि कायगावचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातल्या नावांच्या घाटांसाठी 1868 सालीच कायदा केला होता. तो इंग्रजांच्या हद्दीपुरता लागू, पुढे निजामाचा कारभार. दादीच्या आठवणीत अलीकडच्या काठावर करोडगिरीचा माणूस असे. तो पेट्या उघडून जकातीचा माल बघायचा. माणसं मोजण्याचं काम करणारा सरकारी माणूस मात्र तिच्या आठवणीत नव्हता. ते नावाड्याने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

मला ही गोष्ट पुन्हा आठवली ती अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’मुळे. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या या ग्रंथात ‘मीर बहरी’ म्हणजे जलवाहतुकीच्या खात्यावर एक प्रकरण आहे. त्यात जहाजबांधणी आहे, खलाशांची पदं आणि पगार आहेत, आणि नद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची कामंही आहेत. हा माणूस चपळ आणि लाच न खाणारा असावा, अशी पहिली अट. त्याने कोणत्या नावेत किती भार चालेल ते ठरवावं. प्रवाशांना नाव लवकर मिळेल असं पाहावं. अगदीच गरज असल्याशिवाय रात्री नाव चालू देऊ नये. माल ठरलेल्या धक्क्यावरच उतरवावा. आणि दोन नियम एकमेकांना लागून येतात: ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला फुकट पार न्यावं, आणि कुणालाही नदी पोहून जाऊ देऊ नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आईन हा राज्य कसं चालावं हे सांगणारा दरबारी ग्रंथ आहे. प्रत्येक घाटावर तसंच घडत होतं, याचा तो पुरावा नव्हे. शिवाय तेव्हा आपला मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता, त्यामुळे अकबराचा हुकूम गोदावरीवर चालत नव्हता. मुघलांच्या नावाने उसासे टाकण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला त्या दोन नियमांच्या शेजाराचं महत्त्व वाटतं. पोहून जायला मनाई करायची असेल, तर आधी गरिबाला नाव द्यावी लागते. नाव न देता केलेली मनाई म्हणजे नुसता दंड.

याच प्रकरणात जहाजावरच्या माणसांची जी यादी आहे, ती वाचताना आपल्या कोकणातलं बंदर डोळ्यांपुढे येतं. नाखुदा, तांडेल, सरहंग (आपला सारंग), खारवा. ‘कराणी’ नावाचा एक कारकूनही आहे. तो जहाजाचा हिशेब ठेवतो आणि प्रवाशांना पाणी वाटून देतो. मराठीतले बंदर, दर्या, खलाशी, सुकाणू हे शब्दही फारसी-अरबी वाटेने आलेले. कोळी, भंडारी, दालदी, कोकणी मुसलमान यांनी एकाच दर्यावर काम केलं आणि एकच भाषा वापरली.

आणि ते एकत्र बुडालेही. 17 जुलै 1947 रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढाची अखेर होती, त्यामुळे अनेक जण गटारी साजरी करायला गावी निघाले होते. रमजानही दोन-तीन दिवसांवर होता, तेव्हा पहिल्या रोज्याला घरी पोहोचावं म्हणून निघालेलेही त्यात असतील. बोटीचे कप्तान शेख सुलेमान इब्राहीम. अर्ध्या-पाऊण तासातच काश्याच्या खडकाजवळ बोट लाटेच्या तडाख्याने कलली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला तेव्हा एक महिनाही उरला नव्हता.

‘रामदास’वर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. मुंबईच्या इतक्या जवळ एवढा अनर्थ झाला, तरी शहराला कळायला कित्येक तास लागले. तोवर ज्यांना वाचवता आलं त्यांना वाचवलं ते मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी. मृतांचा आकडा आजही वेगवेगळा सांगितला जातो, कारण बोटीवर नेमके किती लोक चढले होते याचा मेळच लागत नाही. अपघातानंतर बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचं झालं आणि पावसाळ्यातल्या वाहतुकीवर बंधनं आली. म्हणजे नियम आले, पण आधी माणसं गेली.

तेव्हापासून आजपर्यंत हाच क्रम चालू आहे. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. त्याच वर्षी 18 डिसेंबरला गेटवेहून घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ला इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट धडकली. पंधरा जणांचा जीव गेला. ‘नीलकमल’चा परवाना 84 प्रवाशांचा होता आणि बोटीत शंभराहून जास्त माणसं होती. त्यानंतर त्या मार्गावर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. जॅकेट हा काही त्या आठवड्यात लागलेला शोध नव्हता.

आता पुन्हा गोदावरीकडे येतो. 1976 साली जायकवाडीचं धरण लोकार्पण झालं आणि पैठणच्या वर नदीचा नाथसागर झाला. आमच्या शहराच्या नळाला येणारं पाणी तिथलंच. त्या फुगवट्याने अनेक गावांच्या जुन्या वाटा गिळल्या. त्यातलं एक गंगापूर तालुक्यातलं भिवधानोरा. 2023 साली या गावच्या मुलांच्या बातम्या देशभर छापून आल्या. मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर पोटावर झोपून, हाताने पाणी मारत शाळेला जात होती. पाण्यात साप असतात, म्हणून जवळ काठी ठेवत होती. पुण्याच्या हमरस्त्यावरून आपण ज्या पाण्याकडे बघत जातो, त्याच पाण्याची ही गोष्ट.

दरम्यान 2021 साली संसदेने 1917 चा जुना कायदा रद्द करून नवा अंतर्देशीय जलयान कायदा केला. त्यात नोंदणी आहे, बोटीची तपासणी आहे, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आहे, विमा आहे. इंजिन नसलेल्या नावांसाठीही स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देण्याची सोय आहे. कायदा चांगला आहे. पण थर्माकोलच्या तुकड्याची नोंदणी कुठल्या ग्रामपंचायतीत करायची? त्या मुलांना ‘असं जाऊ नका’ म्हणणं सोपं आहे. मग कसं जायचं, हे त्याच दमात सांगता आलं पाहिजे. अबुल फजलच्या लेखणीला हे चारशे वर्षांपूर्वी सुचलं होतं.

मागच्या वर्षी मी घरच्यांना घेऊन एका जलाशयावर बोटीत बसलो. जॅकेटं होती, पण बाकाखाली कोंबलेली. मी मागितली तेव्हा बोटवाला हसून म्हणाला, ‘चाचा, पाणी शांत आहे.’ मी उतरलो. मुलं हिरमुसली, बायकोने ‘इतकं काय’ म्हणून बघितलं. खरं सांगायचं तर मलाही ओशाळल्यासारखं झालं. मग दादीचे ते दोन काका आठवले. तेही त्या दिवशी असेच चिडून काठावर उभे राहिले असतील, आणि दुसऱ्या खेपेला सुखरूप पार गेले.

दादी आता नाही. पूल आला की मी खिज्रचं नाव घेतो, तिच्यासाठी. आणि त्या नावाड्यासाठीही दुवा करतो.