‘दि ओमेगा ग्लोरी’ : एका फसलेल्या भागाचा न्याय

ग्रंथकाराची कीर्ति त्याच्या उत्तम कृतींवर उभी राहते आणि सामान्य कृति हळूहळू विस्मरणांत जातात, हा वाङ्मयांतील नित्याचा अनुभव आहे. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या बाबतींत मात्र तसें घडत नाहीं. तेथें सरस व नीरस भाग एकाच माळेंत ओंवलेले असतात. ती माळ पुनःपुन्हां दाखविली जाते, आणि वाईट भाग विसरूं म्हटलें तरी विसरतां येत नाहीं. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं सुरू झाली व ७९ भाग होऊन १९६९ च्या जून महिन्यांत संपली. आमच्याकडील पुष्कळ कुटुंबांनीं ती पुढें दूरदर्शनवर पाहिली आहे. तेव्हां धाडसी कप्तान कर्क, तर्कनिष्ठ स्पॉक व तापट डॉक्टर मॅकॉय यांची ओळख वाचकांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. १ मार्च १९६८ रोजीं दाखविलेला ‘दि ओमेगा ग्लोरी’ हा भाग या मालिकेच्या हिणकस भागांत गणला जातो. त्याचा न्याय एकदां नीट व्हावा असें आम्हांस वाटतें. हंसून सोडून द्यावा इतका तो निरर्थक नाहीं. वाखाणावा इतका चांगला तर नाहींच नाहीं.

कथेचा आरंभ खरोखर उत्तम आहे. ओमेगा-४ या ग्रहाभोंवतीं ‘एक्झिटर’ नांवाचें यान फिरत असतें, पण आंत मनुष्य नाहीं. जागोजाग रिकामे गणवेष पडलेले आणि त्यांतून शुभ्र स्फटिक सांडलेले. कसल्याशा रोगानें देहांतील पाणी नाहींसें झालें आणि मागें एवढे क्षार राहिले. ग्रहावर उतरतांच त्या यानाचा कप्तान ट्रेसी तेवढा जिवंत सांपडतो. तेथें दोन जमातींत युद्ध चाललेलें आहे : गांवांत राहणारे कोम, आणि कातडीं पांघरून रानांत हिंडणारे यँग. परक्या समाजाच्या जीवनांत ढवळाढवळ करावयाची नाहीं, हा या अंतराळवीरांचा पहिला नियम. तो मोडून ट्रेसीनें कोमांच्या बाजूनें आपलें किरणशस्त्र चालविलें आहे. कारण येथील लोक शेंकडों वर्षें जगतात, आणि त्या दीर्घायुष्याचें रहस्य त्याला हवें आहे.

येथवर सर्व ठीक. पुढें यँग विजयी होतात आणि एक जीर्ण ध्वज वाजतगाजत आणतात. तो साक्षात् अमेरिकेचा ध्वज! त्यांचा नायक जे अपभ्रष्ट मंत्र पुटपुटतो ती त्या ध्वजाची शपथ, आणि त्यांचा पवित्र ग्रंथ म्हणजे अमेरिकेची राज्यघटना. यँग म्हणजे यँकी, कोम म्हणजे कम्युनिस्ट, हा उलगडा प्रेक्षकांसमोर अगदीं कोडें सोडवून दाखवावें तसा केला जातो. कोणी अमेरिकन त्या ग्रहावर गेलेला नाहीं. पृथ्वीचाच इतिहास तेथें स्वतंत्रपणें घडला, एवढेंच स्पष्टीकरण. सारख्या परिस्थितींत सारख्या संस्था निपजतात हें आम्ही मान्य करूं. पण ध्वजावरील पट्टे व तारेहि तेच निपजावे काय?

या भागाची जन्मकथा पाहिली म्हणजे त्याचें वैगुण्य अधिक समजतें. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनीं केलेला पहिला नमुन्याचा भाग वाहिनीनें १९६५ सालीं नाकारला व दुसरा करावयास सांगितला. त्यासाठीं तीन संहिता पुढें ठेवण्यांत आल्या, त्यांत रॉडनबेरींची ही एक होती. निवड दुसरीची झाली, आणि ही बाजूस पडली ती दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पडद्यावर आली. या अवकाशांत अमेरिका पालटली. १९६५ च्या मार्चमध्यें तिच्या सैन्याची पहिली लढाऊ पलटण व्हिएतनाममधील दा नांग येथें उतरली. १९६८ च्या जानेवारीअखेर टेटचा हल्ला झाला, आणि या भागानंतर तीसच दिवसांनीं, ३१ मार्च रोजीं, अध्यक्ष जॉन्सन यांनीं आपण पुन्हां निवडणुकीस उभे राहणार नाहीं असें जाहीर केलें. जो लेख लिहितांना केवळ शीतयुद्धाचें रूपक होता, तो दाखविला गेला तेव्हां त्यांतील ट्रेसी निराळाच मनुष्य झाला होता : परक्यांच्या आपसांतील युद्धांत आपलीं श्रेष्ठ शस्त्रें घेऊन शिरलेला अधिकारी. असा मनुष्य त्या रात्रीं अमेरिकन प्रेक्षकांस काय काय विचारूं शकला असता! परंतु लेखकानें त्याला संजीवनीचा लोभी व अखेर वेडापिसा करून प्रश्नच मोडून टाकला. याच मालिकेच्या २ फेब्रुवारीच्या ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’ या भागांत कर्क स्वतः एका पक्षाला शस्त्रें देण्याचें ठरवितो आणि खिन्न मनानें परततो; तेथें प्रश्न जिवंत राहिला आहे.

तथापि एक गोष्ट या भागाच्या पदरांत टाकलीच पाहिजे. हीं पवित्र वाक्यें केवळ नायकांसाठीं नसून कोमांसाठींहि आहेत, नाहींतर त्यांना अर्थ नाहीं, असें कर्क यँगांस बजावतो. अभिनय आक्रस्ताळा आहे, पण विचार पोकळ नाहीं. १७८७ ची ती घटना लोकांच्या नांवानें आरंभ करते, आणि प्रतिनिधींची संख्या ठरवितांना गुलामांची मोजणी मात्र तीनपंचमांश करते. १८६५ त गुलामगिरी गेली, १८६८ त नागरिकत्व मिळालें, आणि मतदानाचा हक्क कायद्यानें पक्का होण्यास १९६५ चा ऑगस्ट उजाडला; म्हणजे ही संहिता लिहिली गेली तेंच वर्ष. ‘सर्वांसाठीं’ हा एक शब्द खरा करण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं.

आणि तीं वाक्यें परदेशीं कशीं जातात हें आम्हां भारतीयांस ठाऊक आहे. आमच्या घटनेचा उपोद्घातहि लोकांच्याच नांवानें आरंभ करतो. पण तो आपोआप उगवला नाहीं. १७ ऑक्टोबर १९४९ रोजीं घटनासमितींत त्यावर वाद झाला. आरंभीं ईश्वराचें नांव असावें ही हरि विष्णु कामत यांची सूचना मतास टाकण्यांत आली व नामंजूर झाली. परक्यांचा शब्द घेणारे लोक तो असा पारखून, भांडून, आपला करून घेतात. ओमेगा-४ वर हें कांहींच घडत नाहीं. विजयी यँगांना एक परका कप्तान त्यांच्याच ग्रंथाचा अर्थ सांगतो, आणि ज्यांच्यासाठीं तो अर्थ विस्तारावयाचा ते कोम तोंवर पडद्यावरून नाहींसे झालेले असतात. आशियाई चेहऱ्याचे नट त्यांच्या भूमिकांना मुद्दाम निवडले, पण त्यांना बोलूं दिलें नाहीं. आमच्या मतें हाच या भागाचा मुख्य दोष. ध्वजाचा हास्यास्पद प्रकार त्यापुढें किरकोळ आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास तर एक प्रसंग विशेष खुपतो. वू नांवाचा एक कोम ट्रेसी पुढें आणतो. अकरा वर्षांनीं एकदां येणारें ‘लाल पक्ष्याचें वर्ष’ त्यानें ४२ वेळां पाहिलेलें असतें. म्हणजे त्याचें वय ४६२, आणि त्याचा बाप हजारांवर वर्षांचा. ट्रेसी त्याच्या रक्तांत औषध शोधूं पाहतो, मॅकॉय तपासण्या करून असें औषध नाहींच असा निकाल देतो. तें पुरातन युद्ध कां पेटलें, आणि त्यापूर्वीं कोम व यँग एकमेकांस काय म्हणत असत, हें मात्र त्या ४६२ वर्षांच्या मनुष्यास कोणीहि विचारीत नाहीं.