गोष्ट आधी की अक्षर आधी? बोरिवलीतल्या एका भेटीपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टतर्फे ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ तेथे आल्या आणि त्यांची ताराबाई मोडकांशी ओळख झाली. अनुताईंचे वय पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, आणि त्यानंतर स्वतःच्या हिमतीवर घेतलेले शिक्षण. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डहाणूपलीकडच्या बोर्डी गावात ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई त्यांच्यासोबत गेल्या, त्या आयुष्यभरासाठी.

या दोघींच्या कामामागे एक जुना वाद उभा होता. ज्याला अजून वाचता येत नाही, त्या मुलाला आधी अक्षर द्यायचे की गोष्ट?

मराठीत मुलांचे छापील पुस्तक आले तेच मुळी वाचता येणाऱ्या मुलासाठी. मुंबईत सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ साली निघाली. (त्याआधी दूर तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून इसापाच्या कथा मराठीत छापल्या गेल्या होत्या, हे अनेकांना ठाऊक नसते.) ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच, इंग्रजीच्या वाटेने मराठीत आलेले. गोष्टी होत्या, पण त्या धुळाक्षरे गिरवून झाल्यावर मिळायच्या, आणि बोधाची पुडी सोबत बांधलेली असायची. गोष्ट म्हणजे अक्षरे शिकल्याचे बक्षीस, असाच हा क्रम होता.

हा क्रम उलटवला भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी. ते माँटेसरीचे अनुयायी. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्तीचे बालमंदिर उघडले. गंमत अशी की, ज्या मारिया माँटेसरींना ते गुरुस्थानी मानत, त्या सहा वर्षांखालील मुलांना परीकथा सांगण्याच्या विरोधात होत्या. या वयात खरे-खोटे वेगळे करता येत नाही, तेव्हा मुलाला खऱ्या वस्तू द्या, असे त्यांचे म्हणणे. गिजुभाईंनी माँटेसरींची साधने घेतली, त्यांचे निरीक्षण घेतले, परंतु गोष्ट सोडली नाही. उलट कथाकथनावर ‘वार्तानुं शास्त्र’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक गोंगाट करणाऱ्या वर्गाला वठणीवर आणतो तो छडीने नव्हे, गोष्टीने. पुढे पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून तो वर्गासाठी गोष्टींच्या पुस्तकांचे वाचनालय उभे करतो. आज कोणत्याही शाळेत हा प्रस्ताव मांडून पाहावा!

ताराबाई १९२३ साली भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुंबईत परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. गाणी, गोष्टी, नाट्य यांना तेथे मानाचे स्थान होते. मात्र दादरची मुले शिकलेल्या घरांतली होती. त्यांच्या घरी पुस्तक होते, वर्तमानपत्र होते, गोष्ट वाचून दाखवणारे कोणीतरी होते. गोष्ट आधी दिली काय आणि अक्षर आधी दिले काय, ती मुले वाचायला शिकणारच होती. ताराबाईंच्या विचाराची खरी परीक्षा तेथे होणे शक्यच नव्हते.

ती झाली बोर्डीत, आणि १९५७नंतर कोसबाडच्या टेकडीवर. येथील वारली मुलांच्या घरी छापील कागद नव्हता. त्यांची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. बालवाडीचा दिवस पाटी-पेन्सिलीने नव्हे, अंघोळीने आणि स्वच्छतेने सुरू होई. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, माती, पाने. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर दलित वस्तीच्या अंगणात अंगणवाडी भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ निघाली. अशा ठिकाणी गाणे आणि गोष्ट हीच बरोबर नेण्याजोगी सामग्री होती. त्यांना ना कपाट लागते, ना फळा. आणि येथे एक गोष्ट मान्य करावी लागते : वारली मूल ‘कोरे’ नव्हते. लग्नाच्या चौकापासून नाचगाण्यापर्यंत ते गोष्टींतच वाढत होते. कोरी होती ती शाळा, जिला त्या गोष्टी ठाऊक नव्हत्या.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. ताराबाई त्याआधी दोन वर्षे, १९७३ साली वारल्या होत्या. शब्द गेला, आहार आणि लसीकरण गेले. गोष्ट मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिली.

पुढे १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’च्या बालवाड्या सुरू झाल्या. वस्तीतल्याच मुली शिक्षिका, कोणाच्या घरातली खोली किंवा देवळाचा ओटा हाच वर्ग. प्रथमच्या वाचनवर्गांत रोज गोष्ट वाचून दाखवणे आणि बाराखडीचा तक्ता ही दोन्ही एकत्र आली, म्हणजे जुन्या वादातले दोन्ही पक्ष एकाच सतरंजीवर बसले. २००४ साली प्रथम बुक्स निघाली ती स्वस्त गोष्टींची पुस्तके अनेक भारतीय भाषांत पोहोचवण्यासाठी.

२००५ सालापासून प्रथमच्याच पुढाकाराने ‘असर’ हे ग्रामीण सर्वेक्षण होते. त्यातील वाचनचाचणीचा कागद पाहण्यासारखा आहे. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या मुलाला झेपेल असा लहान परिच्छेद, आणि सर्वांत वरची पायरी म्हणून एक गोष्ट असते. कोसबाडला मूल जेथून सुरुवात करी, तेथे या कागदावर ते शेवटी पोहोचते.