जाफरने न घेतलेलं मानधन
२०२५ मध्ये करुण नायर विदर्भाला रणजी जिंकून देऊन कर्नाटकात परतला, तेव्हा आमच्या नागपुरात कट्ट्यावरचे बरेच जण चिडले. मला मात्र वसीम जाफर आठवला.

२०१५ मध्ये तो मुंबई सोडून विदर्भाकडे आला, करारावर. २०१६-१७ चा हंगाम दुखापतीत गेला, तरी विदर्भ क्रिकेट असोसिएशनने पैसे दिले. पुढच्या हंगामात जाफर फुकट खेळला! १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. विजयी चौकार त्याचाच.

राजेहो, करार संपला की खेळाडू मोकळा. जाणाऱ्याला नावं ठेवू नका. पण पडत्या काळात त्याला सांभाळलं, तर तो कागदापलीकडचंही देऊन जातो.