दप्तर आणि घटसर्प

मुले पाठीला अडकवून शाळेत आणतात ते दप्तर. पुण्यात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल ज्यात जपून ठेवले आहेत ते पेशवे दप्तर, तेही दप्तरच. हिंदी बोलणारा माणूस ‘दफ्तर को जा रहा हूँ’ म्हणतो तेव्हा तो कचेरीत निघालेला असतो. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ कसे झाले?

आपण हा शब्द फारसीतून घेतला. तेथे ‘दफ्तर’ म्हणजे लिहिण्याची वही, हिशेबाची चोपडी. अशा वह्यांचा साठा तोही दफ्तर, आणि साठा जेथे ठेवायचा ती जागाही दफ्तर. मराठीने आणखी एक पाऊल टाकले. कागद ज्यात बांधायचे त्यालाच तिने दप्तर म्हटले. आत काय आहे यावरून बाहेरच्या वस्तूला नाव मिळाले.

पण फारसीतही हा शब्द पाहुणाच आहे. त्याचे मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला इतिहासकार हिरोडोटस लिहितो, की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या पुस्तकांनाही ‘कातडी’च म्हणत, कारण पपायरस दुर्मिळ होता तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत. इराणच्या दरबारी असलेला ग्रीक वैद्य क्टेसियस तर आपण ‘राजाची कातडी’, म्हणजे राजदप्तरच, वाचल्याचे सांगत असे. त्याच्या गोष्टी जपूनच घ्याव्या लागतात. पण इराणी अंमलदार कातड्यावर लिहवून घेत यात शंका नाही. इजिप्तचा सुभेदार अर्शाम याची अरामी भाषेतील चामड्यावरची पत्रे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आजही पाहता येतात.

येथे एक चकवा आहे. प्राचीन फारसीत ‘दिपि’ असा शब्द होता, अर्थ लेख. दरायसच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तो येतो. अशोकाच्या शाहबाजगढी व मानसेहरा येथील लेखांतही ‘दिपि’ आहे, इतरत्र त्याच जागी ‘लिपि’. आपला ‘लिपी’ शब्द या दिपिवरून आला असे बरेच अभ्यासक मानतात. दिपिच्या मागे जावे तर सुमेरी ‘दुब’ लागतो, म्हणजे लेखनाची मातीची पाटी. शिवकाळातला डबीर (राज्याभिषेकानंतर सुमंत) हाही याच घराण्यातला. मग दफ्तरही त्यातलेच का नाही? कानाला तसे वाटते खरे. पण दिपिमधून दफ्तरचे ‘त’ आणि ‘र’ कोठून आणणार? उलट डिफ्थेरामध्ये द, फ, त, र ही चारही व्यंजने त्याच क्रमाने सापडतात, आणि लिहिण्याचे साधन हा अर्थही जुळतो. शब्दांचे नाते ठरवताना नुसता कानाचा कौल घेऊ नये, तो असा.

डिफ्थेराची दुसरी वाट युरोपातून गेली. घशाच्या एका रोगात टाळ्यावर, गिळण्याच्या वाटेवर राखाडी चिवट पापुद्रा धरतो. मृत पेशी, गोठलेले प्रथिन आणि जीवाणू यांचा तो थर असतो. ओढून काढला तर रक्त येते, वाढला तर लहान मुलाचा श्वास कोंडतो. फ्रान्समधील तूर गावच्या ब्रतोनो या डॉक्टराला तो कमावलेल्या कातड्यासारखा दिसला, आणि 1826 साली त्याने रोगाला ग्रीक कातड्यावरून नाव दिले. तोच डिप्थेरिया, आपला घटसर्प. क्लेब्सला 1883 मध्ये त्याचा जीवाणू दिसला, लफ्लरने 1884 मध्ये तो वेगळा वाढवला. 1890 मध्ये बेरिंग व कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध जाहीर केला. त्यावरील कामासाठी बेरिंगला 1901 चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

दप्तर पाठीला लावून आलेल्या मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी लस टोचतात. तिच्यातला ‘डी’ तो हाच.