ओवी परदेशी गेली, बाई गावातच राहिली

पीएच.डी.ला विषय शोधणारे बरेच जण विचारतात, 'आपलं लोकसंगीत परदेशात पोचलं' असा विषय घेऊ का? घ्या की. पण आधी हे ठरवा, पोचलं म्हणजे नेमकं कोण पोचलं? गाणारी माणसं, का नुसता त्यांचा आवाज?

सैबेरियाच्या दक्षिणेला तुवा नावाचा मुलूख आहे. तिथले पशुपालक एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढतात. या गायकीला खोमेई म्हणतात. मुळात हे माळावर एकट्यानं गायचं गाणं. १९९२ मध्ये 'हून-हूर-तू' हा संच उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत गाऊन आला. आपण पटकन 'पारंपरिक संच' लिहून मोकळे होतो. गाणं जुनं आहे, संच मात्र सोव्हिएत संघ मोडल्यानंतरचा. सिनॉप्सिसमध्ये हा फरक केला नाही, तर व्हायवात अडकाल. काही असो, तिथं निदान गाणारी माणसं स्वतः विमानात बसली.

आता आपल्याकडं या. आमच्या शिरूर अनंतपाळकडंही गिरणी येण्याआधी पहाटे घरोघर जातं फिरायचं. दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं धरायची. समोर श्रोता असा कुणी नाहीच. म्हणून तर सासरचं जे दिवसा बोलता येत नव्हतं, ते ओवीत यायचं. मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायांच्या साथीनं, हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक ध्वनिमुद्रणासाठी सोबत आले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यातलाच. ही मुद्रणं फ्रान्समधल्या संग्रहातही गेली, आणि २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर भाषांतरासह ऐकायला मिळतात.

म्हणजे आवाज गेला, बाई गावातच राहिली. यात कुणाला दोष द्यायचा नाही. उलट या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव येतं. जुन्या ओवीसंग्रहांत बहुधा तेवढंही सापडत नाही, बाई नुसती 'लोक' होऊन जाते. पण मुद्रण झालं तोवर बहुतेक घरातलं दळण गिरणीवर गेलं होतं. बऱ्याच जणींनी आठवून गायलं. तेव्हा टेप ऐकताना नोंद करा: गाताना हात चालू होते का? समोर कोण बसलं होतं?

हे मला पुस्तकातून नाही कळलं. मी आजीसमोर मोबाइल धरला आणि म्हटलं, आजी, एक ओवी म्हण. ती दोनदा सुरू करून थांबली.

"हात फिरल्याबिगर तोंडाला येत न्हाई बाबा."

आमच्या जात्याची खालची तळी कधीच न्हाणीपाशी पायरी म्हणून टाकली होती. वरची कुठं गेली कुणाला आठवेना. फाइलमध्ये ओवी नाही. तिचं ते वाक्य, तारीख आणि तिचं पूर्ण नाव एवढं नोंदवहीत आहे.