दहा हजार डॉलरांची प्रवेशिका आणि हौशी पोकरपटू

लास व्हेगासमधील ‘बिनियन्स हॉर्सशू’ या जुगारगृहाचा मालक बेनी बिनियन याने १९७० साली निवडक नामांकित पत्तेबाजांना बोलावून ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ भरवली, तेव्हा तीत हौशी खेळाडूला जागा नव्हती आणि आजच्या अर्थाने ती स्पर्धाही नव्हती. रोख पैशांवर डाव चालले आणि शेवटी खेळाडूंनीच मते देऊन जॉनी मॉस याला विजेता ठरवले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढच्याच वर्षी ‘फ्रीझआउट’ ही पद्धत आली. तीत प्रत्येकाने ठरलेले शुल्क भरून सारख्याच चिप्स घ्यायच्या, त्या संपल्या की उठायचे आणि सर्व चिप्स एकाच्या हाती जाईपर्यंत खेळ चालवायचा, असा नियम होता. पोकरच्या इतिहासकारांनी या नियमाला द्यायला हवे होते तेवढे महत्त्व दिलेले नाही. रोख डावात गडगंज खेळाडू पुन्हा पुन्हा पैसे ओतून समोरच्याला जेरीस आणू शकतो. फ्रीझआउटमध्ये मात्र नवख्याचे नुकसान किती होणार, हे तो बसण्याआधीच ठरलेले असते, आणि मुरलेल्या जुगाऱ्यांसमोर बसण्याचे धैर्य त्याला याच मर्यादेने दिले.

अशी स्पर्धा संपावी म्हणून तीत ‘ब्लाइंड’ची योजना असते. दोघा खेळाडूंना पाने पाहण्याआधीच सक्तीने लावावी लागणारी ही रक्कम, तीन पत्तीतील बुटासारखी, ठरावीक वेळाने वाढत जाते, त्यामुळे नुसते थांबून राहणाऱ्याच्या चिप्स आपोआप झिजतात. ‘वर्ल्ड सिरीज’च्या मुख्य स्पर्धेत ही वाढ दर दोन तासांनी होत असल्याने घाई करावी लागत नाही, पण खेळ अनेक दिवस लांबतो. आणि नोकरीधंदा सांभाळून सुटीत आलेल्या माणसाला दहाव्या तासाला, चांगली पाने न येता, शहाणपणाने पाने टाकत राहणे जितके जड जाते तितके प्रतिस्पर्ध्याचे डावपेच ओळखणेही जात नसावे.

फ्रीझआउटने नुकसानाला मर्यादा घातली, तरी १९७२ पासूनचे १०,००० डॉलरांचे शुल्क सामान्यांच्या आवाक्याबाहेरच होते. १९७८ मध्ये सगळी रक्कम एकट्या विजेत्याला देण्याची प्रथा सोडून बक्षिसे विभागली गेली, आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील जाहिरात व्यवसायातील हॅल फाउलर या हौशी खेळाडूने विजेतेपद मिळवून व्यावसायिकांना चकित केले. खरी वाट मोकळी केली ती ‘सॅटेलाइट’ या पात्रता स्पर्धांनी. दहा जणांनी प्रत्येकी हजार डॉलर काढून खेळावे आणि जिंकणाऱ्याला मुख्य स्पर्धेची प्रवेशिका मिळावी, इतकी साधी ही कल्पना होती. १९८३ मध्ये याच वाटेने आलेला टॉम मॅकइव्हॉय हा पूर्वाश्रमीचा हिशेबनीस विजेता झाला, आणि अंतिम लढतीत त्याच्यासमोर बसलेला रॉड पीटही सॅटेलाइट जिंकूनच आलेला होता.

म्हणूनच २००३ मधील क्रिस मनीमेकरच्या विजयाला सगळ्या बदलाचे मूळ मानण्याची रूढ समजूत अपुरी वाटते. टेनेसीतील या हिशेबनिसाने इंटरनेटवरील स्वस्त सॅटेलाइट जिंकून प्रवेश मिळवला, ८३९ स्पर्धकांत पहिला क्रमांक पटकावला आणि २५ लाख डॉलर मिळवले, हे खरे. परंतु वाट वीस वर्षे जुनी होती, इंटरनेटने ती रुंद केली. शिवाय खेळाडूची झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांमुळे, एरवी पाहण्यास कंटाळवाणा असलेला हा खेळ दूरचित्रवाणीवर रंगू लागला होता. पुढच्या वर्षी स्पर्धकांची संख्या २,५७६ आणि २००६ मध्ये ८,७७३ झाली. त्याच वर्षीचा अमेरिकी कायदा आणि २०११ मधील खटले यांनी इंटरनेटवरील पोकरला मोठा धक्का दिला, तरी हौशी गर्दी परतली.

भारतात गोव्यातील कॅसिनोंमध्ये याच रचनेच्या स्पर्धा भरतात. मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातल्यामुळे मनीमेकरची वाट येथील हौशी खेळाडूला बंद झाली आहे. लास व्हेगासमध्ये २०२४ च्या मुख्य स्पर्धेत १०,११२ प्रवेशिका आल्या आणि प्रवेशशुल्क १९७२ इतकेच, १०,००० डॉलर होते.